परळची पागडीची खोली सोडून बदलापूरला वन-बीएचके घ्यावा का?

तुमची परळची खोली पागडीची (एकरकमी पैसे देऊन मिळवलेल्या भाडेहक्काची), १०x१२ ची आहे आणि घरात पाच माणसं, असं लिहिलंय. मी लालबागच्या चाळीतून बदलापूर पश्चिमेला आलो, त्याला आठ वर्षं होतील. माझं स्पष्ट मत आहे: जा, पण आधी एक पावसाळा तिथे भाड्याने राहा.

मी ते केलं नाही. फ्लॅट बघायला गेलो तो जानेवारीतला रविवार. लोकल रिकामी, हवा गार, गॅलरीतून डोंगर दिसत होता. आईने तिथेच होकार दिला. सोमवारचा सकाळी सातचा फलाट मी पाहिला तो थेट राहायला आल्यावर. बदलापूरहून सुटणारी गाडी असली तरी बसायला मिळेलच असं नाही, अंबरनाथची माणसं उलटी येऊन जागा धरतात. कल्याणनंतर काही गाड्या कर्जतकडे, काही कसाऱ्याकडे, म्हणून आपल्या वाट्याला कमीच. सीएसएमटीला दीड तास धरा, रिक्षाची रांग वेगळी. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. सोमवार ते शुक्रवार मी तिला झोपलेलीच बघायचो. फ्लॅटच्या किमतीत हेही धरा.

मग पाणी. बिल्डरने ओसी (इमारत राहण्यायोग्य असल्याचं भोगवटा प्रमाणपत्र) न घेताच ताबा दिला, नळजोडणी अडकली आणि आम्ही दोन वर्षं टँकरवर काढली. ओसी हातात बघितल्याशिवाय सामान हलवू नका. दुसरं पाणी उल्हास नदीचं. २६ जुलै २००५ ला इथे पूर आला होता, आणि जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, तेव्हा आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी होतं. इमारत पूररेषेत येते का ते नगरपालिकेत विचारा. जवळच्या जुन्या दुकानदारालाही विचारा, तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

प्रकल्प महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) साइटवर तपासा. करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेणं बिल्डरला कायद्यानेच मना आहे, तेव्हा कितीही घाई केली तरी देऊ नका.

आणि खोलीचा हक्क दुसऱ्याला देऊन मिळणाऱ्या पागडीच्या पैशातून मालकाचा वाटा जाईल, साधारण एक तृतीयांश मागतात. तुमची चाळ सेसची (दुरुस्ती उपकर भरणारी जुनी इमारत) असेल आणि पुनर्विकासाची बोलणी खरोखर पुढे गेली असतील, तर तिथेच किमान ३०० चौरस फूट कार्पेटचं घर मिळू शकतं. खोली सोडण्याआधी चाळ कमिटीकडे बसून एवढं नक्की विचारून घ्या.