वाचक विचारतात : घरबांधणीची सेवा

प्रश्न : शेजारचा ख्रिस्ती मुलगा मिशनच्या तुकडीबरोबर गरिबांची घरे बांधायला जातो. ही मंडळी दिवसभर काय करतात? घर फुकट मिळते का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : प्रत्येक संस्थेची रीत वेगळी असते. १९७६ साली अमेरिकेत फुलर दांपत्याने ख्रिस्ती श्रद्धेतून स्थापन केलेल्या ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ने घर नफा न घेता द्यायचे, रक्कम कुटुंबाने हप्त्यांनी फेडायची आणि बांधकामात स्वतःही राबायचे, अशी पद्धत रूढ केली, तिथे धर्माची अट नसते. २००६ साली अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर याच कामासाठी लोणावळ्याजवळ मळवलीला आले होते.

दिवस बहुधा प्रार्थनेने सुरू होतो. नंतर मात्र घमेली उचलणे, माल कालवणे, जांभ्या दगडाचे चिरे हातोहात पोचवणे आणि संध्याकाळी भिंतींवर पाणी मारणे अशी निव्वळ अंगमेहनत असते. ओळंबा (दोरीला टांगलेले वजन) धरून थर सरळ ठेवण्याचे काम गवंड्यानेच करावे, कारण उत्साहाने भिंत उभी राहते, पण सरळ राहीलच असे नाही. गोव्यात चिरा सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो. म्हणून जूनपूर्वी छप्पर चढवणे आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील इतके ते पुढे काढणे अत्यावश्यक असते. जाणार असाल, तर जाड तळव्याचे बूट घ्या.