पोस्टरवर दादाचं नाव आधी

कोथरूडच्या एक आई माझ्याकडे समुपदेशनाला आल्या. म्हणाल्या, "मॅडम, माझे दोघं मुलगे मिळून गाणी करतात म्हणून भांडतात. एकत्र काम बंदच करायला सांगू का?" भावंडं एकाच धंद्यात असली की हा प्रश्न येतोच. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

थोरला शब्द लिहितो, धाकटा चाली बांधतो. एकांकिका करत करत आता व्यावसायिक नाटकाची ६ गाणी मिळालेली. निमित्त पोस्टरचं: दादाचं नाव आधी. "अजय-अतुलमध्ये धाकट्याचं आधी आहे," हे धाकट्यानं पहिल्याच भेटीत ऐकवलं. खरी सल वेगळी होती. दोन गाण्यांचे मुखडेही त्यानंच लिहिले होते, पण 'घरातलंच आहे' म्हणून कुणी नोंद ठेवली नव्हती.

दुसऱ्या भेटीत वही मागवली. एकाच पानावर दोघांची अक्षरं, खोडाखोड, कोपऱ्यात 'काळी ४' अशी सुराची पट्टी. तारीख कुठेच नाही. ६ पैकी ४ गाण्यांचा हिशेब दहा मिनिटांत जुळला. अडलं त्या दोनांवर.

ठरलं ते असं. बैठक संपली की उठायच्या आधी चाल फोनवर रेकॉर्ड करायची, फाइलला तारीख द्यायची. वहीत शब्द, चाल, संयोजन कुणाचं आणि टक्के किती, ते लिहून दोघांनी सही करायची. पैसे येईपर्यंत थांबलं की प्रत्येकाला आपलाच वाटा मोठा आठवतो. आयपीआरएस म्हणजे गीतकार-संगीतकारांना रॉयल्टी मिळवून देणारी संस्था; तिचं सभासदत्व दोघांचं वेगवेगळं हवं. तिथे गाणं नोंदवताना वाटे द्यावेच लागतात.

पण कागदानं घर सांधत नाही. अमेरिकेत गाणी करणाऱ्या गर्शविन बंधूंची विभागणी स्वच्छ होती: धाकटा जॉर्ज संगीत, थोरला आयरा शब्द. तिथल्याच शर्मन बंधूंनी शब्द-संगीत दोन्ही जोडीनं नावावर ठेवलं, १९६४च्या 'मेरी पॉपिन्स' चित्रपटासाठी दोन ऑस्कर मिळवली, तरी दोघांची कुटुंबं दुरावलीच. पुढे त्यांच्याच मुलांनी २००९ मध्ये त्यावर माहितीपट केला.

म्हणून आईंना वेगळं काम दिलं: जेवताना गाण्याचा विषय निघाला तर निवाडा करायचा नाही. "तू मोठा आहेस, सोडून दे" हे तर अजिबात नाही. त्यांना हेच सर्वांत जड गेलं.

दोनांपैकी एक गाणं सुटलं, निम्मं-निम्मं. दुसऱ्यापुढे वहीत 'वाद चालू' असं लिहिलंय, तारखेसकट. खाली दोघांच्या सह्या.