लिनक्स किंवा दुसरी एखादी सिस्टीम डेस्कटॉपवरून विंडोजला हटवू शकेल का?

सगळीकडून एकदम नाही. पण काही टेबलांवरून हटेल, आणि त्याची सुरुवात झाली आहे.

मी लॅमिंग्टन रोडला संगणक दुरुस्त करतो. गिरगावातल्या एका छापखान्यात हौसेने तीन मशीनवर लिनक्स टाकून दिलं. मशीन पळायला लागली, मालक खूश. आठव्या दिवशी त्यांचा फोन: "अहो, लग्नसराई तोंडावर आलीय आणि जुन्या पत्रिका उघडत नाहीयेत." पंधरा वर्षांच्या पत्रिका कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, मराठी मजकूर युनिकोडच्या (म्हणजे सगळीकडे सारखं वाचलं जाणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये, आणि तो टाइप करायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं. त्याच संध्याकाळी विंडोज परत टाकलं. मशीनला हात लावण्याआधी मी त्यांच्या फायली बघायला हव्या होत्या.

आव्हान देणारे बहुतेक इथेच अडकले. आयबीएमची ओएस/२ ही सिस्टीम १९९२ पासून विंडोजचे प्रोग्रामही चालवायची, आणि माझ्या मते तेच तिला भोवलं. विंडोजसाठी लिहिलेलं इथे चालतंय म्हटल्यावर तिच्यासाठी वेगळं कोण लिहिणार? कोरल कंपनीने तर १९९९ मध्ये लिनक्सची स्वतःची आवृत्ती काढली, पुढच्या वर्षी तिच्यावर कोरलड्रॉही आणलं, आणि २००१ मध्ये तो लिनक्सचा धंदाच विकून टाकला. ते टिकतं तर गिरगावातल्या त्या पत्रिका उघडल्या असत्या, असं मला अजून वाटतं.

आता फरक पडलाय तो ब्राउझरमुळे. ज्याचं काम मेल, बँक, अभ्यास आणि व्हिडिओ एवढंच आहे, त्याला खाली कोणती सिस्टीम आहे याने काय बिघडतं? गेमचंही तसंच: २०१८ मध्ये विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन हे सॉफ्टवेअर आलं आणि विंडोजचे पुष्कळ गेम लिनक्सवर चालू लागले.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि नवा प्रोसेसर लागतो, म्हणून चांगली धडधाकट मशीन बाद ठरतायत. अशा मशीनवर मी विद्यार्थ्यांना लिनक्स मिंट ही लिनक्सची आवृत्ती टाकून देतो. युनिकोड मराठी त्यात व्यवस्थित टाइप होतं. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराला मात्र देत नाही.

तुम्हाला बदलायचं असेल तर आधी लिनक्स पेनड्राइव्हवरून आठवडाभर चालवून बघा. प्रिंटर, जुन्या मराठी फायली आणि डिजिटल सहीचं टोकन, या तीन गोष्टी पहिल्याच दिवशी तपासा.