मालिकांचे बजेट कमी झाले, तर प्रेक्षकाच्या वाट्याचे नेमके काय कमी होते?

वाहिन्यांनी खर्चाला कात्री लावली तर आम्हाला आवडणाऱ्या मालिका बिघडतील, की आम्हाला फरक कळणारही नाही, असा तुमचा प्रश्न आहे. मी गेली अकरा वर्षे मराठी दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिते आणि अलीकडे पटकथाही माझ्याकडेच असते. त्यामागचे कारणही खर्चाचेच आहे, ते पुढे सांगते. फरक पडेल आणि तो कळेलही. मात्र बहुतेक प्रेक्षक तो साड्यांत, दागिन्यांत किंवा दिवाणखान्याच्या पडद्यांत शोधतात आणि तिथे तो सर्वांत शेवटी दिसतो.

सेट एकदा उभा राहिला की त्याचा खर्च शेकडो भागांवर वाटला जातो, त्यामुळे तिथे हात आखडून फारसे काही वाचत नाही. वाचते ते दिवसांत. स्टुडिओचे भाडे, कॅमेरे, दिवे, युनिटचे जेवण आणि बहुतेक कलाकारांचे मानधन हे सारे दिवसाच्या हिशेबाने चालते; म्हणून पैसा आटला की पहिली सूचना येते ती एका दिवसात अधिक मिनिटांचे चित्रीकरण उरकण्याची. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळता साधारण २२ मिनिटे उरतात. आठवड्याचे सहा भाग धरले तर ती १३२ मिनिटे होतात, म्हणजे दर आठवड्याला जवळजवळ एक पूर्ण चित्रपट. हा वेग मुळातच जीवघेणा आहे. तो आणखी वाढवायचा तर युनिटने घराबाहेर पडायचे नाही आणि दृश्यात माणसे कमी ठेवायची, एवढेच उपाय हाताशी राहतात.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी एका मालिकेत नायिका नोकरीसाठी गाव सोडते, असे दृश्य मी एस.टी. स्टँडवर लिहिले होते. गाडी सुटायची वेळ झालेली, आई धावत येऊन खिडकीतून डबा देते, कंडक्टर घंटी मारतो, आणि गाडी हलल्यावर आई म्हणते, "पोचलीस की फोन कर." इंजिनाच्या आवाजात ते मुलीला ऐकू येत नाही, ती नुसता हात हलवते. दोघींमध्ये महिनाभर अबोला होता आणि तो सुटतो नेमका जेव्हा ऐकू येत नाही तेव्हा, एवढाच त्या दृश्याचा जीव होता. निर्मात्यांकडून निरोप आला की या महिन्यात आउटडोअर नाही, दृश्य दारात करा. मी ते तीनदा लिहिले. दारात गाडीचा आवाज नाही, घाई नाही, खिडकी नाही. मुलीला सगळे स्वच्छ ऐकू येते आणि ती "हो आई" म्हणते. दोन्ही कलाकारांनी मनापासून काम केले, तरी ते वाक्य साधे निरोपाचे वाक्य होऊन बसले. प्रसारणानंतर कोणाही प्रेक्षकाने तक्रार केली नाही, कारण स्टँडवरचे दृश्य कोणी पाहिलेच नव्हते. खर्चकपातीत प्रेक्षकाचे जे जाते, त्यातले बरेचसे असेच त्याच्या नकळत जाते.

त्यानंतर माणसे कमी होतात. ज्येष्ठ कलाकारांचे दिवसाचे मानधन साहजिकच जास्त असते, म्हणून त्यांचे महिन्यातले दिवस आधी कमी केले जातात. आजोबा तीर्थयात्रेला जातात, आत्या मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला जाते, आणि पुढे त्यांचा उल्लेख फक्त फोनवर होतो. वडीलधारी माणसे नसलेले मालिकेतले घर कसे दिसते, हे आपण सर्वांनी एकदा वेगळ्या कारणाने पाहिले आहे. २०२० मध्ये टाळेबंदीनंतर चित्रीकरण पुन्हा सुरू झाले तेव्हा ६५ वर्षांवरील कलाकारांना सेटवर येण्यास मनाई होती; ती अट ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. त्या काळात लिहिताना मला जाणवले की आजी स्वयंपाकघरात नुसती बसलेली असली, तरी सासू-सुनेच्या भांडणाला मर्यादा येते, कोणीतरी गप्प होते, कोणीतरी विषय बदलते. ती उठून गेली की दोन पात्रे समोरासमोर उभी राहून थेट बोलू लागतात आणि आवाज चढतो. मालिकांत हल्ली सारखी भांडणेच का असतात, असे अनेक जण विचारतात. माझ्या मते दृश्यातली तिसरी, चौथी, पाचवी व्यक्ती निघून जाणे हे त्याचे एक खरे कारण आहे.

'अग्निहोत्र' ही मालिका २००९ च्या सुमारास स्टार प्रवाहवर आली, तेव्हा विक्रम गोखले, मोहन आगाशे, विनय आपटे यांच्या तोडीचे कलाकार एकाच कथेत होते आणि एका घराण्याच्या पांगलेल्या शाखा एकमेकींपर्यंत पोहोचायला भरपूर वेळ मिळत होता. आज तशी पात्रयोजना मांडली तर हिशेबाच्या पहिल्याच बैठकीत निम्मी नावे गळतील, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

आता लेखनाविषयी. पूर्वी कथाविस्तार, पटकथा आणि संवाद ही तीन कामे तीन माणसे करत. पटकथेतली चूक संवादलेखकाच्या नजरेला पडत असे. मी काम केलेल्या शेवटच्या दोन मालिकांत पटकथा आणि संवाद दोन्ही माझ्याकडे होते. स्वतःची चूक स्वतःला त्याच रात्री दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी दृश्य चित्रित झालेले असते. दुसऱ्या भाषेत चाललेली कथा घेण्याकडे कल असतो त्यामागेही हाच विचार आहे: कथा घडवण्याचा वेळ वाचतो आणि ती चालते हे आधीच ठाऊक असते. अशी मालिका वाईटच असते, असे नाही. 'आई कुठे काय करते' मुळात बंगाली मालिकेवर बेतलेली होती आणि ती मराठी घरांनी आपली मानली. पण आपल्याच मातीतून निघालेल्या कथेला मिळणारी जागा त्यामुळे आक्रसते.

पैसा कमी का होतो, हे थोडक्यात सांगते. जाहिरातदारांचा बराच पैसा मोबाईलकडे वळला आहे, आणि रिलायन्सची व्हायाकॉम१८ आणि डिस्नी स्टार या कंपन्यांच्या २०२४ च्या नोव्हेंबरमधील विलीनीकरणानंतर स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या एकेकाळच्या प्रतिस्पर्धी वाहिन्या एकाच छत्राखाली आल्या आहेत. कथा घेऊन निर्मात्याने जायचे दरवाजे कमी झाले की दराविषयी बोलण्याची त्याची ताकदही कमी होते.

असे असूनही, कमी पैशांत चांगले काम होतच नाही, हे मला मान्य नाही. 'रात्रीस खेळ चाले' सिंधुदुर्गातल्या आकेरी गावातल्या खऱ्या घरात चित्रित झाली. तिथले अंगण, तिथला अंधार आणि मालवणी बोली यांनी जे दिले, ते मुंबईतल्या महागड्या सेटला देता आले नसते. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' तर एका रंगमंचावर आणि मोजक्या सामानावर उभी आहे. पैसा कमी आणि विचाराला वेळ पुरेसा, असे असेल तर काम तरते. पैसा आणि वेळ दोन्ही कापले, तर मग कोणाचीही प्रतिभा पुरत नाही. म्हणून बजेट कमीच करायचे असेल तर सहाऐवजी पाच भाग करा, कथा दीडशे भागांत संपवा, पण भागामागचा वेळ कापू नका, असे मी प्रत्येक बैठकीत सांगत आले आहे.

तुमची आवडती मालिका कोणती ते तुम्ही लिहिलेले नाही. ती दोन-तीन पात्रांभोवती फिरणारी असेल तर तिला झळ कमी बसेल. मोठ्या कुटुंबाची किंवा गावाची असेल तर ती आधी कोमेजेल. सध्या मी लिहीत असलेल्या मालिकेला महिन्याचे दोन दिवस आउटडोअर मंजूर आहे. ते मी सणाला किंवा लग्नाला देत नाही, ती दृश्ये दिवाणखान्यात उरकता येतात. कोणी घर सोडून जात असेल किंवा बऱ्याच दिवसांनी परत येत असेल, त्या दृश्यासाठी ते दोन दिवस राखून ठेवते.