सही तुमचीच लागणार आहे

*ताई, मी मूळचा गोव्यातल्या बार्देशातला. पोर्तुगीज पासपोर्ट काढून बायकोमुलांसह इंग्लंडात स्विंडनला आलो, आता इथलाच झालो. आई गेल्या वर्षी वारली, तिचं सगळं धाकट्या भावाने केलं. आता गावचं घर आणि मागचा काजूचा डोंगर दिल्लीच्या बिल्डरला द्यायचा म्हणतोय. मुखत्यारपत्राचा मसुदाही पाठवलाय. आवारात एका मुंडकाराचं, म्हणजे आमच्या जागेत पूर्वीपासून घर करून राहणाऱ्या माणसाचं, घर आहे. गावच्या ग्रुपवर रोज भायल्यांना, म्हणजे बाहेरून आलेल्यांना, शिव्या चालतात, त्यात मीही असतो. परवा बालमित्राने सुनावलं, "गाव भायल्यांनी घेतला नाही, तुम्ही पासपोर्टवाल्यांनी विकला." तेव्हापासून झोप नाही. पण मी एकट्याने सही नाही केली तर काय फरक पडणार? – एक वाचक*

तुमच्या मित्राने घाव घातला, पण तो खोटं बोललेला नाही. अर्धंच बोलला, एवढंच.

पोटासाठी गाव सोडणं हा गुन्हा नाही. गोंयकार मुंबईला गेला, आफ्रिकेत गेला, बोटीवर गेला, आखातात गेला. त्याच पैशांतून गावाकडची घरं उभी राहिली, धाकटी भावंडं शिकली. गेल्याबद्दल कुणी बोल लावत असेल तर मनावर घेऊ नका. जबाबदारी सुरू होते ती त्यानंतर, घराला कुलूप लागतं आणि ते उघडतं थेट गिऱ्हाईक दाखवायलाच, तेव्हा. 2011 च्या जनगणनेत गोव्यातलं साधारण पाचातलं एक घर रिकामं आढळलं. बंद घरावर दलालांचा डोळा असतोच. खोटी कागदपत्रं करून परगावी, परदेशी असलेल्यांच्या मालमत्ता लाटण्याचे प्रकार इतके वाढले की 2022 मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं.

एका सहीने काय होणार, असं विचारता. अहो, गोव्यात सगळं सहीवरच अडतं. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे सामाईक वारशाची मालमत्ता विकायला सगळ्या वारसांची संमती लागते. लग्न नेहमीच्या, समाईक मालमत्तेच्या पद्धतीने झालं असेल तर नवराबायको दोघांची. म्हणजे तुमच्या बायकोचीही. पत्रात तिचं मत तुम्ही एका शब्दानेही लिहिलेलं नाही. तिला विचारलंत का? तिचा तो हक्क आहे.

आता तो मसुदा पुन्हा काढा आणि ओळ न ओळ वाचा. विक्रीच्या अधिकारासोबत 'जमिनीच्या वापरात बदल करण्यासाठी अर्ज करणे' अशा अर्थाचं काही घातलंय का ते बघा. राहतं घर तेवढं विकायचं असेल तर त्या ओळीची गरज नाही. ती असेल तर डोळा डोंगरावर आहे. तुमचा काजूचा डोंगर कागदावर ऑर्चर्ड झोनमध्ये, म्हणजे बागायतीसाठी राखलेल्या पट्ट्यात असणार. तिथे व्हिलांची वसाहत उठवायची तर आधी झोन बदलावा लागतो. 2006-07 मध्ये गोवा बचाव अभियानामागे लोक उभे राहिले आणि सरकारला 'प्रादेशिक आराखडा 2011' हा जमिनीचा वापर ठरवणारा आराखडाच रद्द करावा लागला. तेव्हा लढाई एका आराखड्याशी होती. अलीकडे नगरनियोजन कायद्याच्या 17(2) आणि 39अ कलमांखाली एकेक सर्व्हे नंबर सुटा करून झोन बदलले गेले, तेही मालकाच्या अर्जावर. लोक रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले. पण सुट्या नंबरांची लढाई गावाला फार जड जाते. उद्या तुमच्या डोंगरावर जेसीबी चढला, खालच्या विहिरी आटल्या, तर फाइलीवर अर्जदार म्हणून तुमचंच नाव असू शकतं.

भायल्यांचं म्हणाल, तर ग्रुपवरचं ते लिहिणं आजच थांबवा. ऑगस्ट 2024 मध्ये इंग्लंडात स्थलांतरितांविरुद्ध दंगली उसळल्या, तेव्हा तुम्हीही मुलांच्या काळजीने जागला असाल. तिथल्या जमावाच्या तोंडी जी भाषा होती, तीच तुम्ही कर्नाटकातल्या मजुरासाठी आणि मोरजीतल्या रशियनासाठी वापरणार का? तो मजूर रोजावर डोंगर खणतो, डोंगर त्याने विकत घेतलेला नाही. गावातला राग खरा आहे. भाडी परवडत नाहीत, शेजारचा बंगला वर्षातले चार दिवस उघडतो आणि पाणी मात्र बारमाही ओढतो. पण हा राग ग्रामसभेत मांडायचा असतो. नागरिकत्व सोडल्यामुळे तुमचं मत गेलंय, तिथे तुम्ही हात वर करू शकत नाही. सही अजून हातात आहे.

भावाला मात्र खलनायक ठरवू नका. आईचं दुखणंखुपणं त्याने काढलं, कौलं त्याने शाकारली, तुम्ही पैसे पाठवलेत. दोन्हींची किंमत सारखी नाही. पैसे कशाला हवेत ते विचारा. कर्ज असेल, मुलांचं शिक्षण असेल, तर तुमच्या वाट्यातून द्यायची तयारी ठेवा. घर विकावंच लागलं तर घर विका, डोंगर राखा, आणि आधी गावात राहणाऱ्याला विचारा, भाव कमी आला तरी. मुंडकाराला 1975 च्या कायद्याने हक्क आहेत. त्याचं घर आधी त्याच्या नावावर होऊ द्या. जून 2024 मध्ये आसगावात जागेच्या वादातून राहत्या घरावर जेसीबी घातला गेला, तसा प्रसंग त्याच्यावर येता कामा नये.

मुखत्यारपत्रावर सही करू नका. इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून घेण्याचा, दावा कोर्टात घालून वाटण्या कागदावर आणा. म्हापशाला त्यातले जाणकार वकील मिळतील, फक्त तो बिल्डरने सुचवलेला नको. आणि हे सगळं भावाला वकिलाच्या नोटिशीतून कळू देऊ नका, आधी तुम्ही स्वतः फोन करा.