बरा न होणाऱ्या आजारात रुग्णाची काळजी आपल्याकडे सुधारायची, तर आधी काय बदलायला हवं?

तुम्ही विचारलंय की मावशींना डॉक्टरांनी "आता पॅलिएटिव्ह" असं लिहून दिलंय, म्हणजे आता आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी करणारी काळजी. आपल्याकडे हे सगळं इतकं विस्कळीत का, आणि सुधारायचं तर सुरुवात कुठून करायची. मी डॉक्टर नाही. वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, शेवटचे चार महिने घरी काढले, तेवढ्या अनुभवावर लिहितोय.

"आता घरी न्या, सेवा करा, जे मागतील ते खायला घाला." अण्णांची फाईल बंद करताना एका मोठ्या दवाखान्यात आम्हाला एवढंच सांगितलं. अण्णांना गालाचा कॅन्सर, ऑपरेशन आणि रेडिएशन होऊन पुन्हा उलटलेला. तोंडात चमचा शिरत नव्हता, नाकात नळी होती. त्या माणसाला काय खायला घालायचं, हे विचारायचं आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही. फाईल पिशवीत घातली आणि गाडी करून गावी आलो.

बोलता येत नव्हतं, त्यामुळे दुखायला लागलं की अण्णा स्टीलच्या पेल्याने पलंगाच्या लोखंडी दांडीवर ठकठक करायचे. रात्री एक वाजता, मग सव्वाला, मग दोनला. गावचे डॉक्टर भले माणूस, बोलावलं की येऊन इंजेक्शन द्यायचे. शेवटी तेच म्हणाले, "याच्या वरचं औषध मॉर्फिन, आणि ते मी ठेवू शकत नाही." ते कुठे मिळतं हे कळायलाच आम्हाला तीन आठवडे लागले. मिळालं ते एकशेचाळीस किलोमीटरवर.

गोळी घरात आली तेव्हा आत्या दारातच उभी राहिली. "म्हणजे संपवायचंच ठरवलंय का तुम्ही?" पहिले दोन दिवस अण्णा नुसते झोपून होते, तेव्हा आमचाही धीर सुटला. गोळी जिथून आणली तिथल्या नर्सताईंनी फोनवर सांगितलं, कित्येक रात्रींची झोप राहिलीय, ती भरून काढतायत. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी नातवाची पाटी मागवून घेतली आणि लिहिलं: चष्मा, पेपर.

गोळी दर चार तासांनी घड्याळ लावून द्यायची, दुखायची वाट बघायची नाही. आमच्याकडे ती कुटून, पाण्यात कालवून नळीतून जायची. सोबत पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सुरू, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतंच. डोस डॉक्टरच ठरवतात आणि वाढवतात. दुखण्यासाठी मोजून दिलेल्या मॉर्फिनने माणूस व्यसनी होईल ही भीती बहुतांशी फुकटची आहे, पण ती फक्त घरच्यांना असते असं नाही, कित्येक डॉक्टरांनाही असते.

दुसरी गोष्ट वासाची. गालाच्या जखमेला इतका वास यायचा की भेटायला येणारे उंबऱ्यावरूनच बोलून परतायचे, आणि अण्णांना ते कळायचं. नर्सताईंनी जुलाबावर देतात ती मेट्रोनिडॅझोलची गोळी बारीक कुटून ड्रेसिंगमध्ये जखमेवर भुरभुरायला शिकवलं. चार-पाच दिवसांत वास जवळजवळ गेला आणि नातू पुन्हा पलंगावर चढून बसायला लागला. काही रुपयांची गोळी. मोठ्या दवाखान्यात हे कुणालाच ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? सांगायचं कुणी, एवढाच प्रश्न.

म्हणून माझं उत्तर सरळ आहे: इमारती नंतर बांधा, आधी मॉर्फिनची गोळी तालुक्याला आणि शिकलेली नर्स घरापर्यंत पोचवा. हॉस्पिस, म्हणजे अशा रुग्णांना शेवटच्या दिवसांत ठेवून सांभाळणारी जागा, वाईट असं मला म्हणायचं नाही. वांद्र्याचं शांती आवेदना सदन हे भारतातलं पहिलं हॉस्पिस, 1986 पासून आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून. पण आपल्या बहुतेक माणसांना मरायचं असतं ते घरीच, आणि खाटा कितीही वाढवल्या तरी गावोगावी पुरणार नाहीत.

गंमत बघा, मॉर्फिन बनतं अफूपासून, आणि औषधासाठीची अफू सरकारी परवान्याने पिकवणाऱ्या जगातल्या मोजक्या देशांत आपण आहोत. नीमच, मंदसौर भागात शेती, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने. तरी गावात गोळी नाही. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांचं असं जंजाळ केलं की बहुतेक दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 2014 मध्ये कायदा बदलला. आता राज्याच्या औषध प्रशासनाकडून मान्यता घेतली की संस्थेला ते ठेवता येतं. कायद्याची अडचण बरीचशी गेली, आता अर्ज करायचं मनावर घेणारं कुणी हवंय.

केरळात हे घडलंय. 1993 मध्ये कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका छोट्या बाह्यरुग्ण विभागापासून सुरुवात केली. 2008 मध्ये राज्याने स्वतंत्र धोरण आणलं, आणि आज तिथे पंचायतीच्या पैशातून नर्स घरोघरी जाते, सोबत गावातले स्वयंसेवक असतात. आपल्याकडे वर्गणी काढून मांडव घालणारी मंडळं गल्लोगल्ली आहेत, माणसांचा तुटवडा आहे असं मला तरी वाटत नाही.

आणि रुग्णाला पॅलिएटिव्ह केअरकडे पाठवायचंच तर लवकर पाठवा. 2010 मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरचे 151 रुग्ण अभ्यासले. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळाली त्यांचे दिवस बरे गेले, आणि ते सरासरी जवळपास पावणेतीन महिने जास्तही जगले. आपल्याकडे मात्र हा शब्द केमो थांबवल्यावरच कानावर पडतो, म्हणून तो ऐकला की लोक रडायलाच लागतात. आम्हीही रडलो.

मावशींसाठी: कॅन्सरवाल्या डॉक्टरांना थेट विचारा, मॉर्फिन कुठे मिळेल आणि घरी येणारी टीम जवळ कुठली आहे. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह कक्ष आहे का तेही बघा. गोळ्या संपायच्या चार दिवस आधी आणायला निघा, कधी तिथलाही साठा संपलेला असतो. आणि उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नका. अण्णांच्या अकरा उरल्या होत्या. तेराव्यानंतर मी त्या परत नेऊन दिल्या, त्यांनी मोजून घेतल्या आणि वहीत माझी सही घेतली.