सिस्टर्स आपत्ती पथकात नाव द्यायला कचरतात. त्यांना तयार कसं करावं?

तुम्ही नागपुरातल्या खासगी हॉस्पिटलात इन्चार्ज आहात आणि पूर किंवा मोठ्या अपघातासाठी पथक करायचं म्हटलं की वॉर्डातल्या मुली खाली बघतात, असं तुम्ही लिहिलंय. मी बरीच वर्षं नर्सिंग शिकवते. सेवाभावावर भाषण ठेवू नका, एवढं आधी सांगते. सेवाभाव त्यांच्यात आहेच, म्हणून तर त्या नाइट ड्यूट्या काढतात.

एकेकीला बाजूला बसवून विचारा: घरी तुझ्यामागे कोण, आणि तिथं गेल्यावर भीती कशाची वाटते?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी लोकांच्या घरात शिरलं. अशा रात्री सिस्टरचं स्वतःचं घरही पाण्यात असू शकतं. म्हणून नदी-नाल्याकाठी राहणारी, अंगावर पिणारं लेकरू असलेली, घरात आजारी माणूस असलेली मुलगी पहिल्या तुकडीत नको. तिनं मागे वॉर्ड सांभाळावा आणि तेही पथकाचंच काम म्हणून नोंदवावं. एवढं केलंत की निम्मा संकोच जातो.

दुसरी भीती सगळ्यांची एकच असते: डॉक्टर जवळ नसताना मी काय करू? यावर सरावाशिवाय इलाज नाही. ट्रायजपासून, म्हणजे कुणावर आधी उपचार करायचे हे ठरवून जखमींना रंगीत पट्ट्या बांधण्यापासून, सुरुवात करा. चालता येतंय त्यांना हिरवी पट्टी देऊन बाजूला करायचं. उरलेल्यांत श्वास मिनिटाला ३० च्या वर, मनगटाची नाडी लागत नाही किंवा साधी सूचना पाळता येत नाही, यातलं एक जरी असलं तरी लाल, म्हणजे उपचार सगळ्यांत आधी. बाकीचे पिवळे, त्यांना थोडं थांबता येतं. श्वासमार्ग मोकळा करूनही मोठा माणूस श्वास घेत नसेल तर काळी, आणि पुढं निघायचं. खरी कसोटी इथं आहे. वॉर्डात आपण शेवटपर्यंत सीपीआर (छाती दाबून हृदय-श्वास चालू ठेवणं) द्यायला शिकवतो, आणि इथं त्याच मुलीला उठून पुढच्याकडे जायला सांगतो. हे पहिल्यांदा प्रत्यक्ष चिखलात करायला लावणं क्रूर आहे. पार्किंगमध्ये विद्यार्थिनींना जखमींचं सोंग देऊन झोपवा, घड्याळ लावा आणि नंतर त्या काळ्या पट्टीवर निवांत बोला. रडू आलं तर येऊ द्या.

पुरानंतरच्या छावणीत काम वेगळं असतं: जुलाब, साप चावणं, चिखलात चिघळलेल्या जखमा, बीपी-शुगरच्या गोळ्या वाहून गेलेली म्हातारी माणसं, दिवस भरलेल्या बायका. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी मिळतंय का, हेही सिस्टरनंच बघायचं. ३० जुलै १९९१ ला आपल्याच जिल्ह्यात, मोवाडला, वर्धा नदीच्या पुरात २०० वर माणसं गेली. मुलींना हे सांगा; आपत्ती म्हणजे कुठली तरी लांबची गोष्ट, असं त्यांना वाटायला नको. एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) अकादमी नागपुरातच आहे, तिथं प्रशिक्षणाबद्दल हॉस्पिटलतर्फे पत्र द्या.

व्यवस्थापनाकडून मात्र लेखी घ्या: ड्यूटीचा आदेश, विमा, धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी ची लस, परतल्यावर भरपाईची सुटी. तोंडी आश्वासनावर कुणालाही पाठवू नका. परत आलेल्या मुलीला आधी झोपू द्या, अहवाल नंतर मागा. तिला बोलावंसं वाटेल तेव्हा वॉर्डात चहाला सगळ्यांना बसवा. पुढची नावं बहुतेक त्या बैठकीतच मिळतात.

पहिल्या वेळी दोघी-तिघीच आल्या तरी सराव सुरू करा, आणि तो मे महिन्यातच उरकून घ्या.